लुथरन पोरगा, बॅप्टिस्ट पोरगी: साक्षगंधाआधी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गावाकडच्या पोरापोरींचे आहेत. कुणी बल्लारपूरहून विचारतं, कुणी वणीहून, कुणी सिरोंच्याहून. एखादा प्रश्न आईचा असतो, पण विचारायला लेकीला पुढे केलेलं असतं. उत्तरं शक्य तितकी सरळ दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं मत आहे असंच समजा. तुमच्या पाळकसाहेबांचं वेगळं असेल, तर त्यांनाही ऐका.

लुथरन आणि बॅप्टिस्ट म्हणजे नेमके कोण? आमच्या तालुक्यात तर ही नावंच ऐकली नाहीत.

साहजिक आहे. विदर्भात मिशनऱ्यांनी भाग वाटून घेतल्यासारखं झालं होतं. नागपुरात स्कॉटिश मिशन, अकोला-अमरावतीकडे अलायन्स, वाशीम-बुलढाण्यात नाझरीन, यवतमाळात फ्री मेथडिस्ट. लुथरन आपल्याला भेटतात ते दोन बाजूंनी. एक म्हणजे नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या छिंदवाड्याकडून, जिथे स्वीडिश मिशनऱ्यांनी लुथरन मंडळी उभारली. दुसरे आंध्र-तेलंगणातून. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात आणि प्राणहिता-गोदावरीच्या काठावर जी तेलुगू मुळाची ख्रिस्ती घरं आहेत, त्यांत लुथरनही आहेत आणि बॅप्टिस्टही.

लुथरन म्हणजे जर्मनीच्या मार्टिन ल्यूथरच्या सुधारणेतून निघालेले. त्यांचा विश्वास १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात लिहिलेला आहे. बॅप्टिस्टांची सुरुवात त्यानंतरची, १६०९ साली ॲमस्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या इंग्रज विश्वासणाऱ्यांपासून. लुथरन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट देत नाहीत. ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, त्यालाच ते पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. पुढची बहुतेक भांडणं इथूनच निघतात.

आणि तुम्ही अलायन्सचे असाल, तर नाव वेगळं असलं तरी बाप्तिस्म्याच्या बाबतीत तुम्ही बॅप्टिस्टांच्याच बाजूला आहात. तुमच्याकडेही बाळाचं समर्पण होतं, म्हणजे बाळाला मंडळीत आणून प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवलं जातं, बाप्तिस्मा नाही. तेव्हा खालची उत्तरं तुमच्याही कामाची आहेत.

भेटणं, बोलणं, प्रेम जमणं याबद्दल दोघांची शिकवण किती वेगळी?

जवळजवळ नाहीच. लग्नाआधी शरीरसंबंध नको, भेटायचं तर लग्नाच्या विचाराने भेटायचं, आईबापांपासून लपवायचं नाही, ही तीन वाक्यं दोन्हीकडच्या तरुण संघात सारखीच ऐकायला मिळतात. एक गंमत मात्र आहे. 'व्यभिचार करू नको' ही लुथरनांच्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वास शिकवण्याच्या छोट्या पुस्तकात, सहावी आज्ञा आहे आणि बॅप्टिस्टांकडे सातवी. कारण दहा आज्ञा मोजायची पद्धत दोघांची वेगळी आहे. लुथरनांची सातवी म्हणजे 'चोरी करू नको'. बॅप्टिस्ट पोरगी म्हणाली 'सातवी आज्ञा पाळ', तर लुथरन पोराला वाटायचं, मी कुठे चोरी केली?

इंटरनेटवर या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं. तिथल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९९३ मध्ये लग्नापर्यंत पवित्र राहण्याची लेखी शपथ घेण्याची मोहीम सुरू केली, ती जगभर गेली. तिथल्या लुथरनांत तर आपसातच दोन तट आहेत, मिसूरी सिनड कडक आणि दुसरी मोठी मंडळी बरीच मोकळी. हे सगळं वाचून पोरं गोंधळतात. आपल्याकडे कॉलेजच्या बसमध्ये शेजारी बसलं तरी संध्याकाळपर्यंत गावात कळतं. तिथले नियम इथे लावायला जागाच उरत नाही.

फरक आहे तो पद्धतीत. लुथरन शिकवण म्हणते, लग्न ही देवाने या जगासाठी घालून दिलेली व्यवस्था आहे. शेती, नोकरी, घरप्रपंच यांसारखीच ती एक जबाबदारी. म्हणून जोडीदार निवडताना लुथरन माणूस 'देवाने मला दर्शन दिलं का' असं सहसा विचारत नाही. पोरगा कमावतो का, दारू पितो का, आईशी कसा वागतो हे बघतो आणि प्रार्थना करतो. बॅप्टिस्ट घरात प्रार्थनेतून मिळालेली खात्री, वचन, शांती हे शब्द जास्त ऐकू येतात. दोन्हीकडे दोन्ही प्रकारची माणसं असतात, पण झुकाव हा असा आहे. माझं मत विचाराल, तर 'प्रभूने सांगितलं' म्हणून आलेल्या स्थळाचीही चौकशी करा. चौकशीने प्रभू रागावत नाही.

त्याच्या घरी पहिल्याच भेटीत विचारलं, 'बाई, तुझं तारण कधी झालं?' मी लुथरन. काय सांगायचं?

हा प्रश्न अपमान करायला विचारलेला नसतो. बॅप्टिस्ट घरात तो ओळख करून घेण्याचाच भाग आहे. त्यांच्याकडे विश्वासाची एक सुरुवात असते, पुष्कळांना दिवसही आठवतो. कुणाला शिबिरात, कुणाला आजारपणात, कुणाला आजीच्या मरणानंतर. ती साक्ष मंडळीपुढे सांगितली जाते आणि मग बाप्तिस्मा होतो.

लुथरन पोरीला असा दिवस सांगता येत नाही. तिला बाप्तिस्मा झाला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. पुढे तेरा-चौदाव्या वर्षी प्रश्नोत्तरी पाठ करून तिचं दृढीकरण झालं, म्हणजे तोच विश्वास तिने मंडळीपुढे स्वतः कबूल केला. तिच्या शिकवणीप्रमाणे देवाने तिला आधी धरलं, तिचा विश्वास त्या धरण्यातून वाढला. म्हणून ती गप्प बसते आणि समोरच्यांना वाटतं, पोरगी नुसती नावाची ख्रिस्ती आहे.

गप्प बसू नका. येशू तुमच्यासाठी कोण आहे, हे तुमच्या शब्दांत सांगा. तारीख नसली तरी चालेल. रोज प्रार्थना करत असाल तर तेही सांगा. आणि बॅप्टिस्ट पोरांनो, हीच अडचण तुमची उलट बाजूने होते. लुथरन घरी गेल्यावर 'मी २०१९ला तारण पावलो' असं म्हणालात, की तिचा बाप विचारणार, 'म्हंजे त्याच्या आधी तू कोण होतास बाप्पा?' तेव्हा हसून घ्या, वाद घालू नका.

लग्नाआधी मी परत बाप्तिस्मा घ्यावा असं त्यांच्या मंडळीचं म्हणणं आहे. घ्यावा का?

सगळ्यात जास्त साक्षगंधं इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅप्टिस्टांच्या नजरेत तुम्ही 'परत' घेत नसता. त्यांच्या मते बाळपणी झाला तो बाप्तिस्माच नव्हता, कारण विश्वास तुमचा नव्हता. लुथरनांच्या नजरेत बाप्तिस्मा हे देवाचं काम आहे, माणसाच्या विश्वासाच्या जोरावर ते उभं नाही. मग तो पुन्हा घेणं म्हणजे देवाने दिलेला शब्द खोटा ठरवणं. ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या नवव्या कलमात बाळांना बाप्तिस्मा द्यावा असं स्पष्ट लिहिलं आहे आणि तो नाकारणाऱ्या त्या काळच्या ॲनाबॅप्टिस्टांना दोष दिला आहे. म्हणून तुमची लुथरन आजी रडली तर तिला मागासलेली समजू नका. तिच्यासाठी नातीचं पाण्यात उतरणं हे घरचा विश्वास सोडणं आहे. 'काऊन, आम्ही दिलेला बाप्तिस्मा खोटा हाय का?' या तिच्या प्रश्नात पाचशे वर्षांचा वाद आहे, तिला ते ठाऊक नसलं तरी.

यातून वाट कशी काढायची, याचं एक उदाहरण आपल्या नागपुरातच घडलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं. त्यात सहा मंडळ्या एकत्र आल्या. बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन त्यात होते आणि उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती. त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या. आईबापांनी ठरवायचं: बाळाला बाप्तिस्मा द्यायचा, की समर्पण करून मोठेपणी त्यालाच ठरवू द्यायचं. लुथरन त्या एकीकरणात आले नाहीत, पण म्हणून तो नमुना त्यांच्या पोरांनी वापरू नये असं कुठे आहे? दोन वेगवेगळ्या मंडळ्यांतली जोडपी लग्नानंतर सीएनआयमध्ये जातात, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

दुसरं उदाहरण जुनं आहे. विल्यम केरी हे बॅप्टिस्ट मिशनरी १७९३ मध्ये बंगालात आले. कोलकत्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवत आणि १८०५ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं. त्यांची दुसरी बायको शार्लट रूमोर ही श्लेस्विगमधल्या घराण्यातली. तेव्हा तिथे डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती आणि त्या राज्याचा धर्म लुथरन होता. केरींनी तिला १८०३ मध्ये श्रीरामपुरात बुडवून बाप्तिस्मा दिला. लग्न झालं १८०८ मध्ये. मधल्या पाच वर्षांकडे लक्ष द्या. तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा केरींची पहिली बायको हयात होती, लग्नाची गोष्टच नव्हती. तिला ते पटलं होतं, म्हणून तिने घेतलं.

माझं उत्तर त्यातच आहे. शिकवण समजून, पटून घेत असाल तर घ्या आणि आधी आपल्या पाळकांना स्वतः जाऊन सांगा. हॉल बुक झाला, पत्रिका छापायच्या आहेत, सासरचे अडून बसले आहेत, म्हणून घेऊ नका. बॅप्टिस्ट शिकवणीप्रमाणेही तसा बाप्तिस्मा चुकीचाच ठरतो, कारण त्यांचा सगळा आग्रह स्वतःच्या विश्वासावर आहे. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे नम्रपणे बोलून दाखवा. पुष्कळ वेळा ते ऐकतात.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. एप्रिल-मे हा आपल्याकडे लग्नसराईचा काळ आणि त्याच वेळी नदीत गुडघाभर पाणी. मंडळीत हौद नसेल तर कुणाच्या शेततळ्यावर जावं लागतं. तारीख ठरवताना हे लक्षात असू द्या.

मी तिच्या मंडळीत प्रभुभोजनाला पुढे जाऊ का?

विचारल्याशिवाय जाऊ नका. लुथरन मानतात की भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर व रक्त खरोखर दिलं जातं. बॅप्टिस्ट ते स्मरण म्हणून घेतात. दोन्हीकडे काही मंडळ्या फक्त आपल्याच सभासदांना देतात, काही सगळ्या विश्वासणाऱ्यांना. उपासनेच्या आधी पाळकांना दोन मिनिटं भेटून विचारलं की भर सभेत ताटकळावं लागत नाही.

घरचे नाही म्हणतात. कारण देतात की 'ते लुथरन, आपण बॅप्टिस्ट.' खरंच एवढा फरक आहे का?

कधी कधी आहे. पुष्कळदा पंथाचं नाव पुढे केलं जातं आणि मागे जात उभी असते. हे आपल्या मंडळीत मोठ्याने बोललं जात नाही, म्हणून इथे लिहितो. आंध्रात गुंटूरकडे लुथरन काम १८४२ मध्ये सुरू झालं आणि त्या मंडळ्यांत माला समाज मोठा होता. ओंगोलकडे बॅप्टिस्टांचं काम वाढलं ते प्रामुख्याने मादिगा समाजात. माला आणि मादिगा या तेलुगू मुलखातल्या दोन वेगळ्या दलित जाती. १८७८च्या दुष्काळानंतर तिथे एका दिवसात २,२२२ लोकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचेच वंशज खाणीच्या नोकरीसाठी किंवा मजुरीसाठी इकडे आले. आता 'लुथरनांत पोरगी द्यायची नाही' या वाक्याचा अर्थ काय निघतो ते तुम्हीच बघा. वडील खरोखर बाप्तिस्म्याबद्दल बोलत असतील, तर पाळकांना मध्ये घेऊन तो प्रश्न सुटू शकतो. जातीबद्दल बोलत असतील, तर ते तसं आहे हे आधी घरात कबूल व्हायला हवं. दोन्ही मंडळ्यांच्या शिकवणीत त्या नकाराला आधार नाही.

आईबापांच्या संमतीबद्दल ल्यूथरने १५२४ मध्ये एक पत्रकच लिहिलं. त्यात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या: आईबापांनी मुलांवर लग्न लादू नये आणि अडवूही नये, मुलांनी त्यांना न विचारता वाङ्‌निश्चय करू नये. चोरून दिलेली लग्नाची वचनं त्याला अजिबात मान्य नव्हती. त्याचं स्वतःचं लग्न मात्र त्या काळात खळबळजनक ठरलं. कॅथरिना फॉन बोरा ही मठातून पळालेली जोगीण. लग्न करीन तर ल्यूथरशी किंवा त्याच्या मित्राशी, असं तिने स्वतः सांगितलं आणि १३ जून १५२५ रोजी ते झालं. तेव्हा तुमच्या घरी कुणी म्हणालं की लुथरनांत पोरीने बोलायचं नसतं, तर हे सांगा.

बॅप्टिस्टांकडे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. वर बिशप नाही, दाद मागायला जागा नाही. तिथे आईबापांच्या जोडीला मंडळीचे वडील, डीकन (मंडळीचे सेवक), कधी सगळी सभाच मत देते. जवळच्याच दोन बॅप्टिस्ट मंडळ्यांचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून 'बॅप्टिस्टांत असं चालतं का' असं विचारू नका. त्या गावच्या त्या मंडळीत काय चालतं ते विचारा.

एकांतात भेटलो तर?

गावात एकांत नसतो. तालुक्याला, दोघांच्या ओळखीच्या घरी, उजेडी भेटा. फोटो पाठवताना दहादा विचार करा. फोन भावाच्या हातात जातो.

आमच्या हातून चूक झाली आहे. कुणाला सांगायचं?

आधी हे समजून घ्या की दोन्ही शिकवणींत क्षमा आहे. वाट तेवढी वेगळी आहे.

लुथरनांत पाळकांपुढे खाजगी पापकबुलीची सोय अजून आहे. फार कमी लोक वापरतात, पण आहे. तुम्ही सांगता, पाळक देवाच्या नावाने क्षमा जाहीर करतात आणि ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे त्यांच्यावर बंधन असतं. बॅप्टिस्ट म्हणतात, तुमच्या आणि देवाच्या मध्ये कुणी पुरोहित नको, थेट प्रार्थना करा आणि एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याला सोबत घ्या. पण गोष्ट बाहेर फुटली तर काही मंडळ्या शिस्त लावतात. प्रभुभोजन काही काळ बंद, गायनातून किंवा संडे स्कूलच्या कामातून बाजूला, कुठे सभेपुढे माफी. यात मला एक गोष्ट खटकते. सभेपुढे उभी राहते ती बहुतेक वेळा पोरगी. पोराची बदली झालेली असते, नाहीतर तो पुण्याला कामाला गेलेला असतो. शिस्त असेल तर दोघांना असावी. पाळकांनी हे आधी बघावं.

जबरदस्ती झाली असेल, तर ती तुमची चूक नव्हे आणि तो मंडळीचा विषयही नव्हे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदा लागतो. पोलीस आणि डॉक्टर आधी, प्रार्थनासभा नंतर.

पोरगा ख्रिस्तीच नाही. बौद्ध आहे, चांगला आहे.

इथे जुनी पुस्तकं वाचली की आश्चर्य वाटतं. ल्यूथरने १५२२ मध्ये लिहिलं की ज्या परधर्मीयाबरोबर मी खातो-पितो, व्यवहार करतो, त्याच्याशी लग्नही करू शकतो, कारण लग्न ही जगातली गोष्ट आहे. बॅप्टिस्टांच्या १६८९च्या लंडन कबुलीजबाबात मात्र 'प्रभूमध्येच' लग्न करावं आणि विजोड जू घेऊ नये, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडलं जाऊ नये, असं स्पष्ट आहे. म्हणजे कागदावर लुथरन मोकळे. पण तुमच्या गावचे लुथरन पाळक ल्यूथरचं ते वाक्य काढून दाखवणार नाहीत, ते बायबलातलं करिंथकरांस लिहिलेलं दुसरं पत्र उघडतील, विजोड जूची गोष्ट तिथलीच आहे.

कायद्याने वाट आहे. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न होऊ शकतं. धर्म बाजूला ठेवायचा असेल तर १९५४चा विशेष विवाह कायदा, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. आणि लग्नासाठी त्याला बाप्तिस्मा घ्यायला लावण्याआधी एक गोष्ट उघडपणे बोला. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर जातो. अनुसूचित जमातीचं तसं नाही. नोकरीचा फॉर्म भरून बसलेल्या पोराला हे लग्नानंतर कळू नये.

हळद, मंगळसूत्र, डीजे?

लुथरनांकडे यासाठी तत्त्व आहे: देवाने आज्ञाही केली नाही आणि मनाईही केली नाही, अशा गोष्टींत मोकळीक. १५७७च्या त्यांच्या विश्वासग्रंथात त्यावर वेगळं कलम आहे. म्हणून हळद लागते, मंगळसूत्रात क्रूस ओवला जातो. बॅप्टिस्ट मंडळ्यांत कुठे चालतं, कुठे फक्त अंगठी. दारूला बॅप्टिस्टांचा विरोध जास्त ठाम. लुथरनांत पिण्याला सरसकट मनाई नाही, नशेला आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा तिथे हा वाद तरी कलेक्टरनेच मिटवला आहे.

तारीख मार्चमध्ये धरली, तर लुथरन मामा चिडले. का?

लेंट असेल. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत लुथरन घरी लग्न सहसा धरत नाहीत. बॅप्टिस्टांकडे हा काळ परंपरेने पाळला जात नाही, त्यामुळे त्यांच्या लक्षातच येत नाही. ईस्टरनंतरची तारीख धरा.

लग्न कुठल्या देवळात लावायचं?

कुठेही लावा, पण लावणाऱ्या पाळकाकडे १८७२च्या कायद्याखालचा परवाना आहे का ते बघा. छोट्या स्वतंत्र मंडळ्यांत तो पुष्कळदा नसतो आणि मग दाखल्यासाठी जोडप्याची फरपट होते. पोरगा एकवीस, पोरगी अठरा पूर्ण हवी. दोन्ही पाळकांना बोलवायचं असेल तर लग्न एकाने लावावं, दुसऱ्याने वचन वाचावं आणि प्रार्थना करावी. कोण काय करणार हे कागदावर लिहून दोघांना आधी दाखवा. वेदीपुढे उभं राहून ठरवायची ही गोष्ट नव्हे.

सगळं जुळलं. आणखी काही राहिलं का?

राहिलं. बाळाचं काय? लग्नात हा प्रश्न कुणी काढत नाही आणि पहिल्या बाळंतपणात तो दारात उभा राहतो. इकडची आजी म्हणते चाळीस दिवसांत बाप्तिस्मा, तिकडची म्हणते फक्त समर्पण. बाळंतीण माहेरी असते, नवरा ड्यूटीवर असतो, आणि एखाद्या रविवारी माहेरचे पाळक बोलावले जातात. मग सासर-माहेराचं बोलणं बंद. तेव्हा साक्षगंधाच्या आधी दोघांनी बसून ठरवा: बाळाला बाप्तिस्मा की समर्पण, कुठल्या मंडळीत, आणि हे दोन्ही आयांना कोण सांगणार. आपल्या आईला आपणच सांगायचं. सुनेने सासूला सांगायचं ठेवलंत, तर ते सांगणं राहून जाईल.